शिवलीलेच्या लग्नातला आवाज

४ एप्रिल
माळशिरसहून सकाळच्या एसटीने सोलापुरात पोहोचलो. काम मनासारखं मिळालं. शरणप्पांचं दुकान पुढून अरुंद, आत लांब आहे. लोक लग्नाच्या, सिनेमाच्या जुन्या डिस्क आणतात, त्या आपण पेनड्राइव्हवर उतरवून द्यायच्या. आतल्या खोलीतले दोन्ही संगणक माझ्याकडे. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना आणि दाराला चादरी ठोकल्या आहेत, मोरांच्या. दहावीनंतर शाळा सुटली हे मी आधीच सांगून टाकलं. शरणप्पा हसले. म्हणाले, डिस्कला कुटं दाखला लागतो, घाल की आत. दुपारी त्यांनी आपल्या डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी माझ्यापुढे सरकवली. माणूस चांगला आहे, असं आईला फोन करून कळवलं.

६ एप्रिल
शरणप्पा बाहेर गेले असताना कुंभारीहून बसम्मा आल्या. विड्या वळतात. मुलीच्या, शिवलीलेच्या लग्नाची डिस्क आणि तिच्यावरून उतरवलेला पेनड्राइव्ह घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, आवाज फाटतो, अक्षता पडतात तितं तर कोणी पत्रा ओढतंय जणू. ते काम त्यांच्याच मुलाने, गुरुशांतने, याच खोलीत केलं. माझ्या आधी तो इथे होता. त्या दिवसापासून घरी आला नाही. पेनड्राइव्ह नंतर शरणप्पांनीच नेऊन दिला. सकाळी मीच लई बोलले त्याला, म्हणून रागानं गेला, असं त्या सारखं म्हणत होत्या. डिस्कवरून नवीन काढून देतो म्हटलं, तर नको म्हणाल्या. माझ्या पोराच्या हातचं हाय, हेच नीट कर, तम्मा. कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं.

७ एप्रिल
स्पीकरच्या वायरी बदलल्या. प्लेअरचा आवाज दोनशे टक्क्यांवर होता, तो शंभरवर आणला. सहा स्पीकरची मांडणी मोडून दोनची केली. संगणकातला आवाजाचा ड्रायव्हर नव्याने घातला. तरी फाटतोच. मग इतर कामं तपासली. गुरुशांतने उतरवलेला प्रत्येक सिनेमा तसाच. मी उतरवलेलेही, जरा कमी.

८ एप्रिल
कारण सापडलं! ओरखडे पडलेली डिस्क थेट उतरत नाही, म्हणून इथे ती चालवून तिचा आवाज नव्याने टिपतात. त्या वेळी माइकही चालू राहतो. पूर्वी इथे भजनं रेकॉर्ड व्हायची, तेव्हाचा माइक चादरीमागे खिळ्याला तसाच लटकतो आहे. शरणप्पांना ते आठवतही नसावं. सिनेमाच्या आवाजावर खोलीचा आवाज चढतो आणि दोन्ही मिळून फाटतात. एका मारामारीत मला माझीच शिंक ऐकू आली. एकटाच हसलो. उपाय सोपा आहे. माइक बंद ठेवून डिस्कचा मूळ आवाज पुन्हा टिपायचा आणि उलटा करून यावर ठेवायचा. सारखं असेल ते एकमेकांना खातं, उरते फक्त खोली. ती कापून टाकायची.

९ एप्रिल
मंगलाष्टका नाहीशा झाल्या. खोली उरली.
खुर्चीची करकर. गुरुशांत सांगतो आहे, जुळे सोलापूर भागात गाळा बघितलाय, पुढच्या महिन्यापासून स्वतःचं दुकान. मग शरणप्पा, अगदी मायेने. काढ की बाबा. माझी गिऱ्हाइकं घेऊन काढ.
मग घाव. ओल्या पोत्यावर लोखंड पडावं तसा. तो 'अण्णा' म्हणाला. दुसऱ्या घावाला फरशीवर दात सांडले. नंतर तो आईलाच हाका मारत होता, अव्वा, अव्वा, तोंडात रक्त भरल्यासारखा. घाव तोंडावरच पडत होते. हाक बंद झाली तरी पडत होते. शेवटी त्याला फरफटत नेल्याचा आवाज. बसम्मा म्हणाल्या तो पत्रा.
तेव्हा तिकडे अक्षता पडत होत्या.
दाराजवळची चादर नवी आहे. तिच्यामागे बघितलं. भिंत खरवडलेली.

१० एप्रिल
गुरुशांत आईवर रागावून गेला नाही. हे बसम्मांना कळलंच पाहिजे. उद्या त्या येणार आहेत. खोलीचा आवाज पेनड्राइव्हवर घेतला, खिशात ठेवला. एकट्याने चौकीत जायची हिंमत नाही. त्यांच्याबरोबर जाईन.
आत्ता लक्षात आलं. काल मी ते स्पीकरवर ऐकत होतो. शेजारच्या संगणकावर शरणप्पांच्या नातवाच्या बारशाची डिस्क टिपली जात होती. माइक मी काढला नव्हता.
ती फाइल ते सकाळीच घरी घेऊन गेले —

११ एप्रिल
शरणप्पा आले. बारसं छान दिसतंय म्हणाले. एक कॉल करायचाय, फोन दे. दिला. का दिला —
बाहेरून कडी घातली.

बसम्मा आल्या. दाराला कान लावलाय, ऐकू येतंय. शरणप्पा त्यांना सांगतायत, ते पोरगं सकाळीच माळशिरसला गेलं. काम करून गेलंय, बघा. लग्नाची फाइल लावली. सनई मोठी केली. आणखी मोठी.

दारावर लाथा मारल्या. ओरडलो. चादरींत सगळं — पेनड्राइव्ह दाराखालून — फट नाही —

बसम्मा म्हणाल्या, अजून फाटतोयच की हो आवाज. मधेच धप् धप् करतंय.

शरणप्पा म्हणाले, व्हय. तुमी जावा निवांत. आत्ताच करतो बंद.

त्या गेल्या. सनई चालूच आहे. कडी —