दुकानातली माझी खोली

४ फेब्रुवारी

परत चुकले! बस बरोबर, दिशा उलटी. शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हरने मागे वळून पाहिलं तर आत मी एकटीच. काहीतरी विचारलं त्याने. मी मान हलवली — काय विचारलं, देव जाणे. मग त्याच बसने मला परत आणून सोडलं. कामावर पोचले तेव्हा सगळ्या मशीन सुरू झाल्या होत्या. फूटपट्टीने माझ्याकडे पाहिलंच नाही, घड्याळाकडे पाहिलं. ते जास्त लागलं.

फूटपट्टी म्हणजे आमच्या शिवणघराची मुख्य बाई. सरळ, सडपातळ आणि सगळं मापाने. तिचं खरं नाव माझ्या जिभेवर बसत नाही. माझं तिच्या बसत नाही. फिटंफाट.

७ फेब्रुवारी

सुट्टी. बाथरूममध्ये बालदी उपडी घालून तिच्यावर बसून लिहितेय, कारण खोलीत नर्सबाई झोपलीय. खोली आम्हा दोघींची. ती रात्रपाळी करते, दिवसभर झोपते, म्हणून खिडकीच्या काचेला काळा कागद चिकटवलाय. तिचं तरी काय चुकलं? पण भरदुपारी चाचपडत चप्पल शोधायची म्हणजे! कागद काढला तरी समोर हातभरावर दुसऱ्या इमारतीची भिंतच आहे. पडदे शिवून पोट भरणारी मी, आणि माझ्या नशिबी ही खिडकी. हसायला कोणी असतं तर हसले असते.

आई रोज फोनवर म्हणते, "एकदा खोली दाखव की गं." मी रोज उद्यावर ढकलते.

१० फेब्रुवारी

दाखवली!

आमचं शिवणघर तळघरात, वर दुकान — पडदे, गाद्या, उशा, दिवे. तिथे गिऱ्हाइकांना भुलवायला तीन-तीन भिंतींच्या खोट्या खोल्या मांडल्यात. जेवणाच्या सुट्टीत गुपचूप वर गेले. त्यातली निजायची खोली निवडली. उशांना, पलंगपोसाला लटकणाऱ्या किमतीच्या चिठ्ठ्या आत खोचल्या, पलंगाच्या कडेला टेकले आणि कॅमेरा लावून फोन केला.

आई बघतच राहिली. "अगंबाई, केवढी ऐसपैस! आणि मागचा तो दिवा किती गोड आहे!"

खोटं बोलताना एरवी माझी त-त-प-प होते. आज झाली नाही. पलंग फार मऊ होता.

आईच्या मागे माझा हिरवा पडदा दिसला. पांढऱ्या फुलांचा. मीच शिवलेला, आमच्या पुढच्या खोलीच्या उंच खिडकीला. बघूनच बरं वाटलं.

१६ फेब्रुवारी

ती खिडकी आठवते. खाली माझं मशीन. डावीकडून उजेड, सुईत दोरा ओवायला चष्मा लागायचा नाही. समोरच्या काकू जाता-येता खिडकीतून डोकावून विचारायच्या, "झालं का माझं ब्लाऊज, की पुढच्या जन्मी देतेस?"

निघताना आई म्हणाली होती, "नाहीच जमलं तर ये निघून. तुझी खिडकी कुठे पळून जात नाही." त्या एका वाक्यावर मी इथे दिवस ढकलतेय.

१ मार्च

आज कोणाशी एक शब्द बोलले नाही. मशीनला तेल घालताना "बस झालं" म्हणाले, तेवढंच. तेही मशीनला.

५ मार्च

आईने विचारलं, "तो दिवा कधी लावलेला दिसत नाही गं?"

लावणार कुठून, त्याला वायरच नाही! म्हटलं, "वीज जपून वापरते."

"शहाणी झालीस हो," म्हणाली. हसली थोडी.

९ मार्च

फजिती. आमच्याकडे पडदा शिवताना खाली वीतभर जास्तीची दुमड सोडायची पद्धत. उद्या घर बदललं, खिडकी लांब निघाली, तर उसवून पडदा लांब करता येतो. मी कोणाला सांगून-विचारून थोडीच करते ते? हातच करतो. एका मोठ्या घराचे सगळे पडदे तसे शिवून ठेवले. फूटपट्टीने दुमड चिमटीत धरली आणि सगळ्यांसमोर उंच करून दाखवली.

"हे काय?"

मोडक्यातोडक्या भाषेत समजावलं. ती हसलीसुद्धा नाही. "इथे लोक घर बदलतात तेव्हा पडदेही बदलतात."

सगळं उसवलं. जास्तीचं कापड कापून टोपलीत टाकलं. चांगलं कापड! पुसायलासुद्धा घेऊ दिलं नाही कोणी. मला इथे काही म्हणजे काही येत नाही. जे येतं तेसुद्धा नको आहे यांना.

१५ मार्च

सांगून टाकलं. महिनाअखेरीला काम सोडतेय.

फूटपट्टी म्हणाली, "बरं." थांब नाही, का नाही. नुसतं बरं!

आईला सांगणार नाही. सरळ दारात जाऊन उभी राहीन. काकूंनाच आधी दिसेन बहुतेक, आणि मग अख्ख्या गल्लीला कळेल. लिहिताना हात हलका वाटतोय. हरून परत चाललेय हे मला कळतं. हरले तर हरले! माझ्या खिडकीशी बसून हरेन.

२० मार्च

आज बोलता बोलता आईला खोकल्याची उबळ आली आणि तिच्या हातून फोन निसटला. एरवी ती फोन अगदी तोंडाशी धरते, चेहरा आणि मागे थोडा पडदा, एवढंच दिसतं. आज फोन जमिनीवर पडला, आणि मला पडद्याचं खालचं टोक दिसलं.

वर दुमडलाय. चांगला दोन विती. आणि काळ्या दोऱ्याने धावदोरा घातलाय! हिरव्या पडद्यावर काळा दोरा, एक टाका इकडे, एक तिकडे. ते टाके मी कुठेही ओळखेन. ते दादाचे. शर्टाचं बटण लावता लावता बाहीच शिवून टाकणारा दादा.

"आई, पडदा का दुमडला गं?"

"उंदराने कुरतडला खालून."

आमच्या घरात उंदीर? मांजर पाळलंय काकूंनी, आणि ते कायम आमच्याकडे पडीक असतं. आत्ता लक्षात येतंय — कितीतरी दिवसांत ते मांजर दिसलं नाही, काकूंची हाक ऐकू आली नाही.

२१ मार्च

दादाला फोन केला. आधी "अगं काही नाही" केलं. मग रडायलाच लागला.

घर गेलं. घरमालकाने इमारत पाडायला काढली. मी आले त्याच महिन्यात. आई, दादा, वहिनी दुसऱ्या टोकाला दोन खोल्यांत राहतात. काकू त्यांच्या लेकीकडे गेल्या. माझं मशीन वहिनीच्या माहेरी माळ्यावर पडलंय.

"मला का नाही सांगितलंत?"

"आईने शपथ घातली. म्हणाली, परत यायला जागा आहे असं तिला वाटत राहू दे, म्हणजे तग धरेल."

मी विचारलं, "खिडकी लहान आहे का? म्हणून दुमडलास पडदा?"

"हो... लहानच आहे."

आईला मला कळलंय हे सांगू नकोस, म्हटलं. आता मीही शपथ घातली.

२२ मार्च

गेले नाही कामावर. अंधारात पडून राहिले. नर्सबाईने उठून माझ्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. ती परत झोपली.

२३ मार्च

फूटपट्टीच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. राहू द्या म्हटलं.

"तुझ्या जागी एकीला कबूल केलंय," ती म्हणाली. मग बराच वेळ टेप गुंडाळत बसली. "ठीक. तिला नको म्हणून कळवते."

ती कोण असेल? तिनेही घरी आनंदाने सांगितलं असेल, काम लागलं म्हणून. मी इथे राहायचं म्हणून राहत नाहीये, जायला जागा नाही म्हणून राहतेय. आणि त्यासाठी तिच्या तोंडचा घास काढला.

२६ मार्च

दुमड न सोडता शिवते आता. फूटपट्टी म्हणाली, छान. कानाला बरं वाटलं नाही.

२९ मार्च

जेवणाच्या सुट्टीत वर गेले, चिठ्ठ्या खोचल्या, फोन लावला. ठरवलं होतं, हसतमुख राहायचं. राहिलेही. म्हटलं, "काय म्हणतेय माझी खिडकी?"

आई मग अगदी हळू म्हणाली, "त्या दिव्याची चिठ्ठी तेवढी खोचायची विसरतेस गं. पहिल्या दिवसापासून दिसतेय."

मी म्हटलं, "काळा दोरा दिसतो आई, हिरव्यावर."

मग तिने हात मागे नेला आणि पडदा बाजूला सारला.

मागे खिडकी नव्हती. भिंत होती.