रोवण्यावरची नदी

आसगाव

प्रिय गुलाबभाऊ यांना तुमच्या भाटव्याचा सप्रेम जयभीम. तुमचा गुडघा आता कुरकुरत नसेल. कुरकुरत असला तर त्याला सांगा, पुढच्या महिन्यापासून खाण सुटली. निवृत्तीत सुखाने कसं राहावं, असं तुम्ही फोनवर विचारलंत. असलं फोनवर सांगता येत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मुख्य म्हणजे माणसाने उपयोगी पडत राहावं. तुमच्या बहिणीने, म्हणजे आमच्या पार्वताने, अंगणवाडीतून निवृत्त होताच घरचं धानाचं शेत ताब्यात घेतलं. बायांबरोबर चिखलात वाकून रोपांचा रोवणाही करते. मला वाकणं जमत नाही (कंबरेचा पट्टा तुम्हीच आणून दिलात), तेव्हा छत्री घेऊन शेताच्या कडेला धुऱ्यावर बसायचं आणि कविता म्हणायच्या, हे काम मी स्वतःकडे घेतलं. रोवणाऱ्या बाया गाण्याच्या चालीवर हात चालवतात आणि मागे मागे सरकतात, हे तुम्ही जाणताच. मी वर्गात शिकवायचो ती जुन्या चौथीच्या पुस्तकातली नदीची कविता घेतली. काय कविता होती ती. नदी संथ, नावाडी संथ, सांज तर इतकी संथ की शाळा सुटायची तरी ती मावळत नसे. डोळे मिटून म्हणत होतो. वर्गाच्या खिडकीतला कडुनिंब दिसला, खडूचा वास आला. डोळे उघडले तेव्हा सूर्य बुडत होता, रोवायच्या पऱ्ह्यांच्या पेंढ्या तशाच पडलेल्या आणि धानाची अर्धी बांधी रिकामी. बाया इमानाने माझ्याच चालीवर रोवत होत्या. त्यातली धुरपता म्हणाली, "गुरुजी, तुमची नदी पुढं जाऊनच नाही राहिली. मले तं वाकल्या वाकल्या झोप लागली."

तुमची बहीण घरी आली, हातपाय धुतले. मग म्हणाली, "उद्यापासून घरीच राहा. कुकरले आयकवा कविता, तो मधात शिट्टी तरी वाजवन."

तेव्हापासून घरी आहे. वरण शिजतं, कुकर दाद देतो. अतिशय आनंदात आहे. निवृत्ती अशीच शांत असावी.

तुमचा,
डोमा

ता. क. आनंदात नाही. बहिणीला फोन करून मला धुऱ्यावर परत घ्यायला सांगा, तुमचं ती ऐकते. (मी सांगितलं म्हणू नका.) दिवसभर घरात ऐकायला एक माणूस नाही हो.

ता. क. (पार्वताच्या हातचा) बाबू, पाकीट चिकटवाले माह्यापाशी आलं, म्हणून वाचलं. फोन नोको करू. बायाच म्हणून राहिल्या, गुरुजीबिगर बांधी सुनी लागते. उद्या नेतो त्याईले. पण नदी बंद. पाढे म्हणा म्हटलं, पाढ्यावर हात भरभर चालते.

ता. क. (पाकीट पुन्हा उघडून, मी) तेराचा पाढा आत्ताच जरा संथ चालीत म्हणून पाहिला. काय पाढा आहे तो.