बाबांच्या शेजारची जागा

मी, शिमोन देवाजी रामटेके, वय एकोणपन्नास, धंदा सुतारी, राहणार मौजा भिवाटोला, तालुका चामोर्शी, जिल्हा गडचिरोली, देवाला साक्षी ठेवून माझ्या मिळकतीची व्यवस्था लिहून ठेवतो. पाणी छातीत झाले आहे, डोक्यात नाही.

यंदा ईस्टरच्या आदल्या सकाळी, मंडळीतले लोक कबरींना चुना लावायला येण्याआधी, मी बाबांच्या कबरीशेजारच्या मोकळ्या जागेत सागाचा क्रूस रोवला. उभ्या लाकडावर माझेच नाव कोरले होते. उंची बाबांच्या क्रूसाहून वीतभर जास्त. धाकटा भाऊ इसरू चुन्याची बादली घेऊन आला, नाव वाचून हसला.

"रोव दादा, रोव. जित्तेपनी बाबाच्या मनाजवळ मी बसलो, मेल्यावर तू झोप."

आणि माझ्या क्रूसालाही त्याने चुना लावला.

कलम १. घर व परसातली चिंच पत्नी मनकर्णा हिला, तिच्या मागे मुलगी कमला हिला. जावयाने चिंच तोडू नये.

कलम २. पोस्टातली बचत मनकर्णाची. त्यातून माझी कबर पक्की बांधू नये. इसरू बांधतो म्हणाला तर बांधू द्यावी, पण ती बाबांच्या कबरीशी कोणी ताडून पाहू नये. ताडून पाहण्यात माझे आयुष्य गेले, तेवढे पुरे.

कलम ३. करवती, रंधे, पटाश्या कय्यूम मिस्त्रींना. माझ्या चाकांवर लोखंडी धावा त्यांनीच चढवल्या. बाबांचा लाकूड तासायचा वाकस मात्र इसरूला. त्याला तो धरता येत नाही. तरी त्यालाच.

बाबा अंथरुणावर होते तेव्हा इसरू वरोऱ्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. मी पाय धूत असे आणि ते विचारत, "इसरू आला काय?" तो महिन्याने येई, सफरचंदे आणी. बाबा ती येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत. माझ्या घरचा भात त्यांनी कुणाला दाखवला नाही.

कलम ४. मृगाआधी गावाचे नांगर, जू सुताराने नीट करावे आणि हंगामावर धान घ्यावे, ही इथली रीत. बाबा गेल्यावर इसरू गावी येऊन शेती करू लागला. मी सगळ्यांची अवजारे केली, त्याचा दरवाजा सोडून. तो मोडके जू खांद्यावर घेऊन चामोर्शीच्या बाजाराला जाई. मी ओसरीवरून पाहत असे आणि संध्याकाळी प्रार्थनेला बसत असे. प्रभूच्या प्रार्थनेत, आम्ही अपराध्यांना क्षमा केली तशी तू आम्हाला कर, ही ओळ आली की मी चूप. मनकर्णा एकटीच म्हणे.

ईस्टरच्या रात्री ती बोलली, "ते ओळ काऊन सोडता? देवाले कमी ऐकू येते काय?"

मी म्हणालो, "बाबाचं प्रेम त्याले गेलं."

"मंग देवाचंही त्यालेच गेलं काय? तुमच्या वाट्याचं कोनी खाल्लं?"

राग आला, तिचा आणि देवाचाही. दोन महिने तो राग घेऊनच गुडघे टेकले.

मृग तोंडावर आला. काल पहारीने क्रूस उपटला. उभ्या लाकडाचे इसरूच्या बैलांसाठी जू केले. नाव रंध्याखाली गेले. त्याच्या दारात नेऊन ठेवले. तो हात फिरवत राहिला. चुन्याचा एक डाग उरला होता.

"दादा, हे तेच लाकूड होय?"

"होय."

"अन् मजुरी?"

"हंगामावर. सारे देतात तशी."

या वेळी तो हसला नाही. तो मला आजही आवडत नाही, हे खोटे लिहिणार नाही. पण बाबांच्या शेजारची जागा त्याची. मला कबरस्तानाच्या फाटकाजवळ पुरावे.

काल संध्याकाळी ती ओळ मीही म्हटली. मनकर्णा थांबली, आणि माझी झाल्यावर पुढची तिने उचलली.

हे मी स्वतः लिहिले, वाचून पाहिले आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर केली.

सही : शिमोन देवाजी रामटेके

साक्षीदार : १. गुणवंतराव, पोलीस पाटील (सही)
२. आशाबाई, शिक्षिका (सही)

मौजा भिवाटोला, ३ जून १९८६