पस्तीसच्या आतला पाऊस

१ सप्टेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. शुद्ध मराठीत. गणिताच्या मास्तरला भाषा येत नाही असं कोणी समजू नये.

भूमिका बंगळूरला नोकरीवर चालली. २९ तारखेला सकाळचं विमान. त्याआधी आम्ही तिघांनी एक रात्र टेंटमध्ये काढायची. मी, शामला आणि लेक. भूमिका चौथीत होती तेव्हा तिला कबूल केलं होतं. मध्यंतरी कामं निघाली.

जागा ठरली. शामलाचा भाऊ श्रीधर, उमरेडच्या पुढे त्याचं शेत, शेताला लागून तलाव. टेंट ऑनलाइन मागवला. शामला म्हणाली, अजून पाऊस गेला कुठं? तिला सांगितलं, प्लॅनिंग माझ्यावर सोड. तिनं सोडलं. जरा जास्तच पटकन सोडलं.

४ सप्टेंबर, रात्री जेवणानंतर
मोबाइलवर हवामानाचं ॲप घेतलं. जायचं ते गाव टाकलं की झालं. शनिवारी पावसाची शक्यता ३८ टक्के.

या टक्क्यांचा अर्थ लोकांना कळत नाही. मला कळतो. जन्मभर पेपर तपासले. पस्तीसला पास. पस्तीसच्या आत असला तर पाऊस नापास, येत नाही. पस्तीस किंवा वर असला तर पास, येणारच. भूमिका म्हणाली, बाबा, प्रोबॅबिलिटी अशी नसते. तिला प्रोबॅबिलिटी मीच शिकवली! गप्प केलं.

शनिवार रद्द.

६ सप्टेंबर, शनिवार
कडक ऊन. शामलानं दिवसभर गच्चीवर गाद्या वाळवल्या. मुद्दाम. पास झालेली पोरंही वर्गात गैरहजर राहतात, त्याला मास्तर काय करणार?

श्रीधरचा फोन. रोडगे भाजायला गोवऱ्या काढून ठेवल्या होत्या म्हणे, भाऊजी आले काहून नाही? त्याला शास्त्रीय कारण समजावलं. तो होकारार्थी हाव हाव करत राहिला. मागं कोणीतरी हसत होतं. शेतकरी घरात विज्ञान पोचायला वेळ लागतो.

९ सप्टेंबर
टेंट चार दिवस उशिरा आला. हॉलमध्ये उभारून पाहिला. सूचना चित्रांत आहेत आणि चित्रं चुकीची आहेत. शेवटी एक दांडी उरली. स्पेअर असावी. शामलानं विचारलं, दार कोणत्या बाजूला? दार खाली गेलं होतं. मग भूमिकानं मोबाइलवर व्हिडिओ पाहून चहा उकळेपर्यंत टेंट उभा केला. अर्थात पाया मी रचला होता.

१३ सप्टेंबर, शनिवार, सकाळ
२९ टक्के! पाऊस सपशेल नापास! शाळा सुटली की निघतोय.

१३ सप्टेंबर, संध्याकाळ
घरीच.

एसटी स्टँडवर पोचलो आणि आभाळ फाटलं. उमरेडची गाडी फलाटाला लागलेली. शामला म्हणे, गाडीले टप असते, चढा. टप गाडीला आहे, टेंटला नाही. तिला हा फरक कळला नाही. परत फिरण्याचा निर्णय घेतला. नेतृत्व म्हणजे अप्रिय निर्णय. गाडी आमच्या डोळ्यांसमोर गेली.

श्रीधर म्हणतो, तिकडं दिवसभर एक थेंब नाही. असेल.

१६ सप्टेंबर
गच्चीवर गेलो तर टेंट कूलरवर! शामलानं दोरीनं गच्च बांधलेला. कूलर पावसात सडून राहिला होता म्हणे, टेंट नुसता पडून होता, कोणाच्या तरी कामी आला. मले असा राग आला ना! (मला. शुद्ध मराठी.)

१८ सप्टेंबर
शनिवारी ३३ टक्के. बॉर्डर केस. खूप विचार केला. बोर्डाच्या धोरणाप्रमाणे दोन मार्कांसाठी कोणाला अडवू नये. दोन ग्रेस दिले. पाऊस पास, शनिवार रद्द.

भूमिका म्हणाली, बाबा, वर्गात तुम्ही एका पोराला अर्धा मार्क वाढवून दिला नाही आणि पावसाला दोन ग्रेस? शामला पोळी लाटता लाटता म्हणाली, पाऊस ट्यूशनला येत असेल. मी ट्यूशन घेत नाही हे तिला चांगलं ठाऊक आहे.

२१ सप्टेंबर, रविवार
काल पाऊस आला नाही. तो विषय नाही.

विषय असा की भूमिकानं माझा मोबाइल घेतला, ॲप उघडलं आणि कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. मग म्हणाली, बाबा, हे उमरेड नाही. उमरखेड आहे. यवतमाळ जिल्ह्यातलं.

यादीत तेच वर होतं. एका अक्षराचा फरक. ढग काही जिल्ह्याची हद्द पाहून चालत नाहीत, असं मी ताबडतोब निदर्शनास आणलं. शामला हसता हसता खालीच बसली, पदरानं डोळे पुसत होती. हसून घ्यावं माणसानं.

भूमिका हसली नाही. तिनं विचारलं, बाबा, तुम्हाला जायचंच नाही का?

हे काय विचारणं झालं? मले जायचं नाही? टेंट कोनं आणला? रोज सकाळी उठून आभाळाकडं कोण पाहून राहिलं? शामला पाहते का? मी पाहतो! पोरगी चालली म्हणून रात्री झोप कोनाची उडाली? जेवलो नाही. नंतर थोडं जेवलो.

२५ सप्टेंबर
चूक सुधारली. तीन ॲप घेतली, तिन्हीत गाव नीट तपासून उमरेड टाकलं, तिन्हींची सरासरी काढली. शनिवार-रविवार ६४ टक्के. फर्स्ट क्लास. यात शंकेला जागाच नाही.

जड अंतःकरणानं शेवटचा वीकएंड रद्द केला. भूमिकाला सांगितलं, दिवाळीत येशील तेव्हा नक्की. दिवाळीत आभाळ साफ असतं. ती म्हणाली, ठीक आहे बाबा. समजदार लेक आहे. शामलानं फक्त एवढं विचारलं की शनिवारी शाळा किती वाजता सुटते. इतक्या वर्षांनी चौकशी केली. बरं वाटलं.

२७ सप्टेंबर, शनिवार
घराला कुलूप. किल्ली शेजारच्या प्रयागबाईकडे. त्या म्हणाल्या, मायलेकी उमरेडले गेल्या, तुमाले माहीत नाही काय जी? मी म्हटलं, आहे ना, माझाच प्लॅन आहे.

गच्चीवर कूलर उघडा.

शाळेतून येईपर्यंत टिपूस नव्हता, चारनंतर धो धो सुरू. माझा अंदाज तंतोतंत खरा! एवढी अचूक भविष्यवाणी, आणि सांगायला घरात कोणी नाही. शामलाला फोन लावला, लागला नाही. कूलरवर जुनी चादर टाकून आलो. सकाळची भाजी खाल्ली.

२८ सप्टेंबर, रविवार, सकाळ
भूमिकाचा फोटो आला. टेंट श्रीधरच्या गोठ्यात, शेजारी बैल. बाहेर पावसाचा पडदा. भूमिकाचे केस ओले, हातात रोडगा, तोंडभर हसू. एवढी हसलेली मी तिला कधी पाहिली ते आठवेना. मागं शामला, फुंकणीनं चूल फुंकून राहिलेली. फोटोखाली लिहिलं होतं, बाबा, खूप पाऊस, खूप मजा.

खूप पाऊस, खूप मजा. हे दोन एकत्र येऊ शकतात हे तिन्ही ॲपमध्ये कुठंही दाखवलेलं नाही.

ठरलं. मी जातो. न कळवता. सरप्राइज! दुपारी पोचायचं, लेकीसोबत तलावाकाठी बसायचं, संध्याकाळच्या गाडीनं तिघांनी परत. आज आभाळाकडं पाहणार नाही, मोबाइलकडं तर नाहीच. लहान मुलासारखा आनंद झाला आहे. बॅगेत भूमिकाच्या आवडीची संत्रा बर्फी घेतली.

२८ सप्टेंबर, संध्याकाळ, श्रीधरचं शेत
बस उशिरा निघाली. उमरेडहून ऑटो केला. गावाआधीच्या नाल्याला पाणी चढत होतं, ऑटोवाला कसाबसा पुलावरून काढून म्हणाला, मी आता थांबत नाही भाऊ. तो परत गेला. आणि थोड्या वेळात पूल पाण्याखाली.

श्रीधरनं मला पाहून कपाळाला हात लावला. नाल्याचं पाणी वाढून राहिलं म्हणून ताई आणि भूमिका लवकरच निघाल्या म्हणे. उमरेडला जाणारी गाडी त्यांना लगेच भेटली. म्हणजे माझा ऑटो आला तेव्हा समोरून जी लाल बस चिखल उडवत गेली, तीच. मी काच वर करायला सांगत होतो, ऑटोला काच नसते हे विसरून.

श्रीधर म्हणतो, पाणी उतरायला उद्याची दुपार होईल. दुसरीकडून जायला रस्ता नाही. मी मोटरसायकलनं तरी सोड म्हटलं, पाया पडतो म्हटलं. तो म्हणाला, भाऊजी, लेकीले बाप पाहिजे का भिंतीवर बापाचा फोटो? मग त्यानं गरम गरम रोडगे वाढले. अर्धाच खाल्ला.

टेंट त्यानं तलावाकाठी लावून दिला. चारही दांड्यांसकट. पाऊस केव्हाच थांबला. वारा नाही, ढग नाही, पाण्यावर चंद्र. असं हवामान महिनाभर शोधत होतो.

बांधावर उभं राहिलं की रेंज येते. भूमिकाचा फोन आला. दोघी घरी पोचल्या, कुलूप पाहिलं, प्रयागबाईनं सांगितलं. ती आधी हसली आणि मग नाक ओढत राहिली. विमान सकाळी सातला. एअरपोर्टवर शामला सोडायला जाईल. मी म्हटलं, बर्फी आणली होती. ती म्हणाली, खाऊन घ्या बाबा.

मग शामलानं फोन घेतला. मला वाटलं आता चांगली खरडपट्टी काढेल. ती म्हणाली, उद्या नाला उतरला की सावकाश या. आता घाई कायची.