लाल पुलावरचा मारुती

४ नोव्हेंबर, मंगळवार
मारुतीने चोला सोडला! लाल पुलाच्या कठड्याच्या वर आलेल्या मधल्या खांबातल्या कोनाड्यात बसलेला आमचा मारुती. पंचाहत्तर वर्षं चढवलेल्या शेंदराचं कवच आज सकाळी आपोआप गळून पडलं. पुजारी गुलाबराव रडत होते. आत मूळ देव केवढा, तर नारळाएवढा! पडलेला शेंदूर उचलून मी डोळ्यांना लावला. असं भाग्य एखाद्याच पिढीचं.

६ नोव्हेंबर
पूल समितीकडे पैशाचा पूर. सहा महिने मी सुपेल्याच्या बाजारात दुकानोदुकानी फिरलो, पुलाच्या दुरुस्तीसाठी कोणाचा हात सैल होत नव्हता. आता लोक शोधत येऊन देतात, पण देवाच्या नावाने. आमचे अध्यक्ष विजयकुमार साहेब खूश. "सोळा तारखेले पुलाचा अमृतमहोत्सव असा करू का पार पावर हाउसच्या चौकापर्यंत आवाज गेला पाहिजे! शाळेच्या पोरी पुलावरच नाचतीन."
मी विचारलं, दुरुस्ती?
"वरात निघाली अन् तू घोड्याचे नाल पाहून राहिला! पहिले उत्सव, मंग मरम्मत."
सगळे हसले. मीही.

८ नोव्हेंबर, शनिवार
नवा शेंदूर चढवायला गेलो. आधी कोनाडा पुसला. देवामागच्या दगडात भेग. वरून खाली, बोट जाईल एवढी. कवच याच रेषेत तुटलं होतं.
मी बोट आत घातलं. तेवढ्यात चुनखडीचा ट्रक गेला — आणि बोट चिमटलं!
चोला सुटला तो चमत्कार नव्हता. खांब हलतो आहे.

९ नोव्हेंबर
साहेबांना सांगितलं. म्हणाले, "लोक देवासाठी देऊन राहिले. तू भेगेसाठी मांगशीन तं वापस घेतीन." इंजिनियर कधी? "उत्सव झाल्यावर."
गुलाबरावांनी ऐकलं. जाता जाता म्हणाले, "तू बी नास्तिक झाला का बाबू?"
मला! दर शनिवारी उपास करतो मी.

१२ नोव्हेंबर
मोनाली घरात नाच बसवते आहे. पहिली रांग, मधोमध. सगळ्या पोरींनी एकदम पाय आपटायचे. "पापा, मैं बीच में हूं! कोनाड्याच्या बिलकुल समोर!"
बायकोला, हिराला हळूच म्हटलं, पोरीला पाठवू नको.
हिरा भाकरी थापता थापता थांबली. "आपली नाई जाईन. अन् बाकीच्या लेकरायचं?"

१३ नोव्हेंबर
जप करायला बसलो. बोटात तोच चिमटा.

१५ नोव्हेंबर, शनिवार
कोनाडा रिकामा! गुलाबराव दुपारच्या पूजेला गेले तर देव नाही. आकांत झाला. बायका पुलाच्या तोंडाशीच थबकल्या. "मारुती पूल सोडून गेला वो माय!" मग पुलावर पाऊल टाकायला कोणी तयार होईना. ट्रकवालेसुद्धा लांबच्या रस्त्याने वळले. साहेबांनी कपाळाला हात लावला आणि मंडप शाळेच्या मैदानात हलवला.
मोनाली रुसून जेवली नाही.

१६ नोव्हेंबर
मैदानात नाच छान झाला.
मारुती आमच्या घरी आहे, पिठाच्या डब्यात. हिरा हात जोडून कणीक काढते.
संध्याकाळी पोलिसांनी चोरीच्या संशयावरून गुलाबरावांना नेलं. देव परत ठेवला तर ते सुटतील — आणि पूल पुन्हा भरेल.