मुठीतला नाकाड्या

आये, तुला आता माझं तोंडही आठवत नसेल. जिवंत होतीस तेव्हा कालवणात मीठ घालायचीस, विसरायचीस, पुन्हा घालायचीस, आणि आम्ही तोंडं वाकडी केली की म्हणायचीस, "आज मीठच जास्त खारट निघालं गं." तिकडं जाऊन तर किती वर्षं झाली, म्हणून ओळख सांगते. मी तुझी थोरली, कडेवरून खाली उतरायची नाही ती. आता माझे गुडघे मला जिना उतरू देत नाहीत. नाशकात लेकाच्या घरी तिसऱ्या मजल्यावर राहते. अक्षर तेव्हा शिकले नाही, आता कोण शिकवतंय? मी बोलते आणि माझी नात लिहून घेते. महिन्याभरात तिचं लग्न आहे, तरी आजीपुढं वही घेऊन बसलीये, कारण चार दिवस झाले मला एका जागी बसवत नाही. तांदूळ निवडायला घेते, सूप तसंच ठेवून गॅलरीत जाते, गॅलरीतून परत येते. सून विचारते, "आत्याबाई, काय हरवलंय का?" तिला काय सांगू? हरवलं असतं तर बरं झालं असतं.

तुझी माळ आठवते का? काळ्या दोऱ्यात गाठवलेले राणीचे आणि राजाचे रुपये, आणि मधोमध तो एक वेगळा, चवलीएवढा लहान, पण जाड. तुझ्या आईला शेताचा बांध घालताना मातीत सापडलेला, सोनारानं दोरा ओवायला वर नाकं लावून दिलेला. एका बाजूला मोठ्या नाकाचा माणूस, डोक्याला पानं बांधलेली. दुसऱ्या बाजूला खुर्चीवर बसलेली बाई, हातात फांदी. त्याला तू नाकाड्या म्हणायचीस. आणि त्या बाईकडं बघून म्हणायचीस, "कशी बसलीये बघ. हिला भाताच्या आवणीला कोण बोलवत नाय वाटतं." माळ घालताना नाकाड्याचं तोंड नेहमी आत, छातीकडं. "परका माणूस हाय, गावभर कशाला बघत फिरंल?" मी एकदा विचारलं, "मग तुला बघतो ते चालतं का?" त्यावर पाठीत बसलेला धपाटा अजून आठवतो.

आणि ती होळी. सणाला माळ चकाचक करावी म्हणून मी ती ओढ्यावर नेली, राखेनं रुपये घासले. नाकाड्या काही उजळेना, म्हणून त्याला चांगली वाळू लावली. तू आलीस, माळ उचललीस, उन्हात धरलीस. "अगं, त्याचं नाक खाल्लंस! माझ्या आयसनं असा दिला व्हता का?" एवढंच बोललीस. मग दिवसभर माझ्याशी एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी मी रानात पाला तोडतेय, तर शेजारची काकू पळसाच्या पानात बांधलेलं काहीतरी घेऊन चढण चढत येते. नागलीची भाकर आणि खुरासणीची चटणी. "तुझ्या आयसनं धाडलंय," म्हणते. राग गेला असं तू कधी तोंडानं सांगितलं नाहीस, भाकर धाडलीस. चटणीत मीठ दोनदा होतं. मी सगळी खाल्ली, बोटंसुद्धा चाटली.

आता चार दिवसांपूर्वीचं सांगते. नातीनं लग्नात घालायला माळ नव्यानं गाठवायला नेली. गाठवणारा म्हणाला, हा मधला काही रुपया नाही. हिनं त्याचा फोटो काढून आपल्या कॉलेजातल्या सरांना दाखवला, तर सर स्वतः घरी आले. भिंग लावून बसले, त्यांचा चहा निवून गेला.

"आजी, हे रोमन नाणं आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचं. चांदीचं."

"रोम कुठं आलं? सुरगाण्याच्या पलीकडं का?"

"बरंच पलीकडं. समुद्रातून जहाजानं आलं असेल, मग घाट चढून वर."

"जीपमध्ये जागा मिळाली नसंल बिचाऱ्याला."

सर खूप हसले. मग म्हणाले, नाक बघा कसं झिजलंय, किती बायकांच्या छातीवर घासलं गेलं असेल. मी वाळूचं काही बोलले नाही. त्यांना हे नाणं लग्नाआधी कॉलेजात काचेच्या पेटीत ठेवून लोकांना दाखवायचंय, खाली कागद लावून, की आईनं लेकीला दिलेला दागिना. "तुम्हाला आईनंच दिलं ना?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत ही पोरगी म्हणाली, "हो सर, आईनं आजीला दिलं, आता आजी मला देणार." मी मान हलवली. नुसती मान हलवली, आये, तेवढ्यानं जीव खाल्ला. बुधवारी सर न्यायला येणार आहेत. तो कागद मला वाचता येणार नाही, पण तुला तिकडून वाचता येत असला तर?

कारण नाकाड्या तू दिला नव्हतास. शेवटच्या रात्री तू चुलीच्या उबेला पडली आहेस, आवाज खोल गेलेला, आणि माझं मनगट धरून म्हणतेस, "माळ तुझी. नाकाड्या माझा. माझ्या मुठीत दे." आपल्यात गेलेल्याच्या मुठीत नाणं देतात, वाटेला लागतं म्हणून. मी म्हणते, "हो आये." लगेच म्हणते, विचार न करता. दुसऱ्या दिवशी बायका तुला आंघोळ घालायला पाणी तापवत होत्या, आणि मी कोपऱ्यात दोरा तोडला. तुझी बोटं उघडली, आत राणीचा रुपया ठेवला, बोटं मिटली. नाकाड्याला कमरेच्या गाठीत बांधलं. मिटलेली मूठ कोण उघडून बघणार होतं?

लोभ नव्हता गं. राणीचे रुपये घरोघरी होते, सगळे सारखे. हा एकटाच तुझ्या हाडाला घासून घासून तुझ्यासारखा झाला होता. तो मातीत गेला असता, तर तुझं असं मला काय राहिलं असतं? पण मागितलं होतंस तू, आणि फसवलं मी. दुसऱ्याच कुणाचं तोंड मुठीत धरून तू एवढी वाट चाललीस. चालला का गं तो रुपया तिकडं?

इथं नातीची लेखणी थांबली. "आजी, हे खरं हाय?" एरवी 'आहे' म्हणते, आज 'हाय' म्हणाली. "खरं हाय. लिही," मी म्हटलं. बुधवारी सरांना सांगणार आहे की कागदावर 'आईनं दिलेला' लिहू नका, 'लेकीनं चोरलेला' लिहा. तसं लिहिणार असतील तर काचेत ठेवा, नाहीतर चहा पिऊन जा. मग लग्नात हिच्या गळ्यात पडू दे. आणि मी जाईन तेव्हा हिनं तो माझ्या मुठीत द्यायचा, म्हणजे मी तुला आणून देईन. विचारलं तिला, देशील ना? "हो आजी," म्हणाली. लगेच म्हणाली, विचार न करता. तेव्हा फार भरवसा ठेवू नको, आये.

ही चिठ्ठी पोस्टात पडणार नाही, तांदळाच्या डब्यात तळाशी राहील. राग गेला असला, तर नागलीची भाकर धाड, आणि खुरासणीची चटणी. मीठ एकदाच घाल. बरं, दोनदा पडलं तरी चालेल.