अक्काने सांगितलेला शेवट

मी, शिवकन्या धोंडप्पा हालकुडे, वय अडुसष्ट, अविवाहित, धंदा भांड्यांचे दुकान, राहणार उदगीर, जिल्हा लातूर, माझ्यामागे काय कोणाचे हे स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. डोके जागेवर आहे. कोणी भरीस घातलेले नाही. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही.

१. दुकानाचा गाळा मालासह पुतण्या सोमेश याला. तोच रोज उघडतो, त्याचाच हक्क.

२. राहते घर भाची पुनम हिला, मुक्काम नांदेड. भाऊ गुरुलिंग याने हयातभर तिथे राहावे, पण माझ्या पुस्तकांच्या कपाटाला हात लावू नये. आमची थोरली बहीण गुरम्मा, म्हणजे पुनमची आई, बाळंतपणानंतरच्या तापात गेली. त्या वर्षी गुरुलिंगने आम्हा दोघींची पुस्तके रद्दीत घातली. म्हणाला, “वाचणारीच राहिली न्हाई, ठेवून काय करायचं?” मी समोरच उभी होते.

३. ‘नीलग्रहाचा नावाडी’ ही जुनी कादंबरी पुनमला. मुखपृष्ठावर अग्निबाण आणि तीन डोळ्यांचा राक्षस आहे, त्यावरून ओळखावी.

पुनम, लग्नाआधी तुझ्या आईने ही भाड्याच्या वाचनालयातून आणली होती. माळवदावर बसून मला मोठ्याने वाचून दाखवायची. कप्तानाचे यान परग्रहावर फुटते, तिथपर्यंत आलो तर पुढची पाने कोणीतरी फाडलेली. मी रडकुंडीला आले. अक्का पुस्तक मिटून पुढे सांगतच राहिली.

मागे तुझ्याकडे आले होते तेव्हा वजिराबादेत जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर हीच कादंबरी सापडली, सगळ्या पानांसकट. परतीच्या एसटीत जळकोट यायच्या आत संपवली. छापलेल्या शेवटात कप्तान राक्षसाला मारतो, राजकन्येशी लग्न करतो आणि पृथ्वीवर त्याची मिरवणूक निघते. वाचून मी शेजारच्या सीटकडे वळले. अक्काला सांगायचे होते. तिथे कोणी अनोळखी बाई झोपली होती.

तू मला एकदा विचारलेस, “मावशी, आई बोलायची कशी?” मला सांगता आले नाही. तिचा फोटो आहे, आवाज कुठेच नाही. म्हणून तिने सांगितलेला शेवट तिच्याच बोलण्यात देते.

“यान दुरुस्त झालं, पण इंधन एकालाच पुरंल एवढंच. कप्तानानं सोबत्याला बसिवलं अन् आपण मागं राहिला. आता रोज सांजच्याला टेकडीवर जाऊन पृथ्वीकडं दिवा दाखवत बसतोय.”

मी विचारले, “अक्का, त्याला घरची आठवण येत नसंल का गं?”

“लई येती. म्हणून तर दिवा दाखवतोय, येडे.”

‘येडे’ म्हणताना ती माझ्या डोक्यावर हात ठेवायची. अशी बोलायची तुझी आई. हे एकदा मोठ्याने वाच.

वरील मजकूर दोन्ही साक्षीदारांसमोर वाचून सही केली.

सही: शिवकन्या धोंडप्पा हालकुडे
साक्षीदार: १. रामलिंग शिवराज कोरे (सही)
२. शरणम्मा बसवराज बिरादार (सही)
ठिकाण: उदगीर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५